धक्का, पोंय आणि १४४ फ्लॅट : मांडवीकाठच्या एका प्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

गोव्याच्या डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठावरचं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि दोन्ही बाजूंच्या माणसांकडे माझं चहापाणी आहे.

२०२३ चा पावसाळा संपता संपता माझा मावसभाऊ घरी आला. तो त्या गावात पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य आहे. काखेत जाडजूड फाईल. म्हणाला, "दादा, एवढं वाचून सांग. किती फ्लॅट होतात आणि पाणी पुरेल की नाही, बस्स." मी पॉलिटेक्निकात सिव्हिल शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे नातेवाइकांच्या फाईली वाचणं हा माझा उरलेला व्यवसाय. दोन दिवसांत देतो म्हणालो. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली.

इतका वेळ का लागला, तर भावाने विचारलेला प्रश्नच चुकीचा होता म्हणून. तो एकटाच चुकला नव्हता. ग्रामसभा, बिल्डर, वर्तमानपत्राचे वार्ताहर, सगळे फ्लॅट मोजत होते. जमिनीच्या पातळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

जागा

जागा म्हणजे बंद पडलेला बार्ज (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) दुरुस्तीचा कारखाना आणि त्याला लागून खनिज भरण्याचा धक्का. नदीला साधारण १६० मीटर तोंड, आत १८० मीटर खोली. म्हणजे २८,८०० चौरस मीटर. पूर्वेला रस्ता आणि माडांचं भाट, म्हणजे बाग, पश्चिमेला चिऱ्यांचा बांध आणि बांधापलीकडे गावाचं खाजन, म्हणजे बांध घालून नदीपासून राखलेलं सखल शेत. आत गंजलेले रूळ नदीत उतरताना दिसतात. त्यांवरून बार्ज वर ओढून घेत. सिमेंटच्या पत्र्यांची एक मोठी शेड, एक विंच, आणि जमीन सगळी लाल. पावसात तिथून चाललात तर चपला आठवडाभर लालच राहतात.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोव्याचं खनिज डोंगरावरून टिपरने नदीवर यायचं आणि नदीवरून हजार ते अडीच हजार टनांच्या बार्जनी मुरगाव बंदराकडे जायचं. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज निर्यात झालं. त्या दिवसांत रात्री बारा वाजतासुद्धा नदीवर इंजिनांची धडधड ऐकू यायची. एक बार्ज नदीत असली की तिच्यामागे तांडेल, खलाशी, ड्रायव्हर, वेल्डर, रंगारी अशी दहा घरं चालत. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ च्या निकालानंतर त्या थोड्या चालल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून सगळं परत ठप्प. हा कारखाना त्यानंतर उघडलाच नाही. राहिला एक राखणदार आणि त्याचे तीन कुत्रे.

कागदावर ही एक जागा नाही, दोन आहेत. एका सर्व्हे क्रमांकाची औद्योगिक वापराची सनद आहे. ती सुमारे २१,००० चौरस मीटर. उरलेल्या ७,८०० चौरस मीटरच्या एक-चौदा उताऱ्यावर आजही भातशेत लिहिलेलं आहे आणि २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात ती जागा पर्यावरणीय क्षेत्र एकमध्ये, म्हणजे खाजन, शेत, पाणथळ यांच्या रांगेत बसते. प्रत्यक्षात तिथे भात पिकलेलं माझ्या भावालाही आठवत नाही. शेत भरायला आमच्याकडे कागद लागत नाही. टिपर आणि मे महिना लागतो.

पहिला प्रस्ताव

बिल्डर बाहेरगावचा, भागीदार तालुक्यातला. प्रस्ताव असा : तीन मजली सहा इमारतींत १४४ फ्लॅट, नदीच्या तोंडावर आठ बंगले, जुन्या शेडचं क्लबहाऊस आणि धक्क्यावर बोटी लावायची सोय. रंगीत चित्रांत नदी निळी होती. मांडवी ऑक्टोबरात निळी दिसत असेल तर ती निळाई त्या चित्रकाराच्या पगारातून आली असावी.

आता आकडे. गाव छोटं, दुसऱ्या वर्गातलं. अशा गावात वस्तीच्या जमिनीला एफएआर ६०, म्हणजे क्षेत्रफळाच्या ६० टक्के बांधकाम. बिल्डरने तो पूर्ण २८,८०० वर लावला आणि १७,२८० चौरस मीटर काढले. शेतजमिनीचा तुकडा त्यात धरला, नदीकाठचा पट्टाही धरला. शिवाय फाईल दोन अर्जांत विभागलेली, 'टप्पा एक' आणि 'टप्पा दोन'. का, ते समजायला वेळ लागत नाही. पार्किंग, जिने, बाल्कन्या धरून एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरला पोचलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. दोन टप्पे वेगळे दाखवले की प्रत्येक टप्पा त्या रेषेच्या आत राहतो. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे 'कसं करायचं' म्हणून कधी शिकवलं नाही, तरी सगळ्यांना येतं.

किनारी नियमांचा मुद्दा जास्त मोठा. भरतीचं खारं पाणी मांडवीत आत खूप दूरवर जातं, त्यामुळे हा काठ समुद्रापासून लांब असूनही किनारी नियमन क्षेत्रात मोडतो. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा गावात भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी असेल तिथपर्यंत नवं बांधकाम नाही. इथे नदी १०० मीटरपेक्षा रुंद, म्हणजे १०० मीटर. १६० गुणिले १०० : १६,००० चौरस मीटर हातचे गेले, उरले १२,८००. २०१९ च्या अधिसूचनेत हाच पट्टा ५० मीटरवर आला आहे. ती लावली तर जातात फक्त ८,००० आणि उरतात २०,८००. प्रकल्प होणार की नाही हे या एका ओळीवर ठरत होतं. फाईलमध्ये सरळ ५० मीटर धरले होते. पण २०१९ ची अधिसूचना त्या त्या राज्याचा तिच्यानुसार केलेला किनारी आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते, आणि गोव्याचा २०११ चा आराखडाच मुळी २०२२ मध्ये मंजूर झाला. तेव्हा माप १०० मीटरचंच. आठही बंगले त्यात जात होते.

भावाला हे सांगितल्यावर तो हरखला. "म्हणजे आपण जिंकलो!" मी म्हटलं, थांब. पाण्याचं बघू दे.

ग्रामसभा

पाण्याचं त्याने विचारलं होतं ते नळाच्या. ते सोपं गणित आहे. एका घरात पाच माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर. १४४ घरांना ९७,२०० लिटर. त्याचं ऐंशी टक्के सांडपाणी धरायचं, म्हणजे रोजचं ७७,७६० लिटर. गावात मलनिस्सारणाची वाहिनी नाही. हे दोन आकडे मी एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि जानेवारीतल्या रविवारच्या ग्रामसभेत ती चिठ्ठी हातोहात फिरली.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या कमी पडल्या, बाप्ये भिंतीला टेकून उभे. बाहेरून वाटतं तसं गाव एकमुखी विरोधात नव्हतं, आणि हे लिहून ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं. कारखान्याच्या कुंपणाला लागून तीन मुंडकारांची, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांची, घरं आहेत. त्यांना प्रकल्प हवा होता. नवा मालक आला तर घराखालच्या जागेचं खरेदीखत एकदाचं हातात पडेल ही आशा. मुंडकार कायदा १९७५ चा. पण यातल्या एका घरातल्या आज्जीच्या हातात अजून जुन्या पावत्यांच्या पिशवीशिवाय काही नाही. एक मुलगी उठली, पणजीला नोकरीला जाते, म्हणाली, "आमचं घर चार चुलत्यांत. मला गावातच फ्लॅट मिळाला तर मी का नको म्हणू?" कुणीतरी मागून म्हणालं, "बाय, तो तुला परवडणार नाही." ती म्हणाली, "मग परवडेल असा बांधायला सांगा ना. नको म्हणणं म्हणजे मला पर्वरीला पाठवणं." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण हॉल गप्प झाला.

एका निवृत्त तांडेलचा मुद्दा वेगळाच. लिलाव होऊन डिचोलीतली खाण पुन्हा चालू होते आहे, मांडवी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झालेली आहे, उद्या बार्ज आल्या तर धक्का कुठे? धक्क्यावर बिल्डरच्या बोटी लागल्या की आमचं तोंड बंद. त्याला लोक हसले. मला तो अर्धा तरी बरोबर वाटला. नदीवर उतरायची जागा एकदा खाजगी झाली की परत मिळत नाही.

पण बहुतेक वेळ गेला तो आकड्यात. १४४ फार होतात. शंभर असतील तर? ऐंशी? भाजीबाजारात चालावी तशी घासाघीस. ठराव विरोधाचा झाला. मात्र हॉलमधून बाहेर पडताना सरपंचबाईंनी मला विचारलं, "सर, किती झाले तर चालतील?"

तेवढ्यात कूळ संघाचे, म्हणजे खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेचे, अध्यक्ष जवळ आले. पंचाहत्तरीचे, आवाज बारीक. सभेत ते एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "उद्या ओहोटीला मानशीवर या."

मानस

खाजन काय असतं हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं आपण बोलतो. पंचायतीतल्या निम्म्या पोरांना ठाऊक नाही. खाजन म्हणजे नदीच्या भरतीपातळीपेक्षा सखल शेत. बांधाने नदी बाहेर ठेवायची आणि बांधात जागोजागी मानस, म्हणजे पाण्याचं दार. मानशीला लाकडी झडपा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तशा त्या मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने हात लावायची गरज नाही. दिवसातून दोनदा मिटणार, दोनदा उघडणार. मिटल्यापासून उघडेपर्यंत डोंगरावरून आणि वाड्यावरून येणारं पाणी कुठेतरी थांबायला हवं. ते थांबतं पोंयीत. पोंय म्हणजे मानशीच्या आतल्या बाजूची खोल, पसरट जागा, शेताचं पोट म्हणा. तिथेच शेवटे, चणक, सुंगटं जमतात आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. त्या पैशांतून बांध दुरुस्त व्हायचा. शेत, मासा आणि बांध असा हा एकच हिशेब.

ओहोटीला मानशीवर उभं राहून अध्यक्षांनी पायाशी बोट दाखवलं. पोंय होती, पण बारकी. सपाट ताटात भोकाएवढी वाटी ठेवावी तशी. "ही अर्धीच आहे," ते म्हणाले, "दुसरी अर्धी तिकडे." तिकडे म्हणजे कुंपणाच्या आत.

मी डिचोलीत जाऊन जुन्या मोजणीचा नकाशा काढला. १९७० च्या दशकातल्या सर्व्हेचा, कागद पिवळा पडलेला. त्यावर पोंयीची रेघ स्पष्ट होती आणि ती भातशेतीच्या त्या ७,८०० चौरस मीटरच्या तुकड्यात चांगली आत शिरली होती. म्हणजे कारखान्याने शेत भरलं एवढंच नाही, शेताचं अर्धं पोट बुजवलं. २०२१ च्या २३ जुलैला, म्हादईला, म्हणजे वरच्या मांडवीला, मोठा पूर आला तेव्हा, या खाजनात पाणी दोन दिवस उभं राहिलं होतं. कोरगुट, खाजनातलं खारं पाणी सोसणारं भात, उभा कुजला. लोकांनी दोष मानशीच्या झडपांना दिला आणि झडपा बदलल्या. झडपा ठणठणीत होत्या.

तिथेच मी एक साधी लेव्हल लावली, माझं जुनं यंत्र अजून चालतं. कारखान्याची जमीन शेतापेक्षा सव्वादोन मीटर उंच, आणि उतार नदीकडे नाही, शेताकडे. कारण सरळ आहे : बार्ज लागायच्या म्हणून धक्क्याची कड उंच केलेली, मधली जागा वापराने दबलेली. त्या जागेवर पडणारं पाणी धक्क्याला आपटून मागे फिरतं आणि बांधावरून खाजनात येतं. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जुलैत नवलाचा नाही. २०,८०० चौरस मीटरवर तेवढा पाऊस म्हणजे २,०८० घनमीटर, २० लाख लिटरांच्या वर. मातीत आज त्यातलं थोडं तरी मुरतं. पेव्हर आणि स्लॅब आले की जवळजवळ सगळं वाहतं, तेही तासाभरात. त्याच वेळी भरती असली तर झडपा बंद. १४४ फ्लॅट असोत की १४, ढगाला फरक पडत नाही. त्याला छप्पर आणि फरसबंदी किती एवढंच कळतं.

भरावात काय आहे

फाईलच्या शेवटी, कुणी वाचू नये अशा जागी, माती परीक्षणाचा अहवाल होता. पाच बोअर. हा अहवाल जमीन किती वजन पेलते ते सांगतो, तिच्यात काय मिसळलंय ते सांगत नाही. आणि 'माती तपासलेली आहे' असं बिल्डरने ग्रामसभेत सांगितलं ते या अहवालाच्या जोरावर. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी तेव्हा अहवाल पाहिला नव्हता.

पहिले चार बोअर सारखे : वर दोन-सव्वादोन मीटर लाल भराव, खाली काळी मऊ चिकणमाती, तिच्याखाली जांभा. पाचवा बोअर पश्चिमेच्या कोपऱ्यातला. त्यात भराव चार मीटरपर्यंत, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात : 'काळा दाणेदार भराव, तेलकट वास.' ज्याने हे लिहिलं त्या पोराला मी मनातल्या मनात शंभरपैकी नव्वद दिले. तो विसरला असता तरी त्याला कुणी विचारलं नसतं.

काळा दाणेदार भराव काय असतो ते मुंडकारांपैकी एकाने सांगितलं. तो वीस वर्षं इथे वेल्डर होता. बार्ज वर ओढली की आधी तिचं बूड घासायचं. दाबाच्या हवेने काळी वाळू मारायची, जुना रंग आणि गंज पापुद्र्यांनी निघायचा. ती वापरलेली वाळू, रंगाचे खपले आणि इंजिनचं जळकं तेल कुठे टाकायचं? "तळीत." पोंयीला कारखान्यातली माणसं तळी म्हणत. पोंय बुजली ती अशी, वीस वर्षांत, पाट्या-पाट्यांनी.

त्या रंगांत काय होतं? लोखंडावरच्या पहिल्या लेपात पूर्वी शेंदूर असे, म्हणजे शिसं. बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून लावायचे त्या रंगांत तांबं, आणि जुन्या काळी कथिलाचं एक विषारी संयुग, ज्यावर २००८ पासून जगभर बंदी आहे. समुद्री शंखांच्या मादीला नराची लक्षणं यायची इतका त्याचा परिणाम. या कारखान्यात नेमका कोणता रंग किती वापरला हे माती तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण तपासावं असं मानायला एवढं पुरे.

मग मी नकाशा परत उघडला. पाचव्या बोअरच्या जागी काय काढलं होतं? मुलांची बाग. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हे स्पष्ट सांगतो. मोकळी जागा सोडणं बंधनकारक असतं, आणि तिथे जमीन सगळ्यात भुसभुशीत, पाया महाग. कुठलाही शहाणा आर्किटेक्ट इमारत हलवून तिथे बागच काढेल. मीही काढली असती.

दुसरा प्रस्ताव

२०२४ च्या उन्हाळ्यात बिल्डरने सुधारित आराखडा आणला. बंगले गेले. ९६ फ्लॅट. एकच अर्ज, टप्पे नाहीत, एकूण बांधकाम २०,००० च्या खाली. शेडचं क्लबहाऊस मात्र कायम, कारण बंदी असलेल्या पट्ट्यात जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती चालते. गावासाठी धक्क्यावर उतरायला वाट. पाण्याची गरज ६४,८०० लिटरवर आली. तिसरा हिस्सा फ्लॅट कमी! गावातले निम्मे विरोधक तिथेच थंड झाले. माझा भाऊसुद्धा म्हणाला, "दादा, आता तरी बरं म्हण."

मी सातवं पान दाखवलं. २०२१ चा पूर लक्षात घेऊन संपूर्ण आवाराची पातळी आणखी ६० सेंटिमीटर वर घ्यायची होती. राहणाऱ्यांच्या दृष्टीने अगदी योग्य. तुमच्याआमच्या घरासाठी आपणही हेच करू. पण २०,००० चौरस मीटरवर ६० सेंटिमीटर म्हणजे १२,००० घनमीटर भराव, सहा घनमीटरचा टिपर धरला तर दोन हजार खेपा. आणि बांधाच्या पलीकडे तीच शेतं, तीच अर्धी पोंय. फ्लॅट कमी झाले आणि खाजनाचं नुकसान वाढलं. पहिला प्रस्ताव वाईट होता हे सगळ्यांना दिसत होतं. दुसरा जास्त वाईट होता आणि तो तडजोडीसारखा दिसत होता.

इथे माझं मत सांगून टाकतो, कारण यापुढे मी फक्त वाचणारा राहिलो नाही. पडक्या कारखान्याच्या जागी घरं व्हावीत या बाजूचा मी आहे. घरं कुठेतरी होणारच. ती डोंगर कापून किंवा काजूच्या बागेत होण्यापेक्षा जिथे जमीन आधीच नासली आहे तिथे व्हावीत. फक्त नासवण्याचा खर्च ज्याने फायदा घेतला त्याच्याकडून, किंवा ज्याने त्याच्याकडून जमीन घेतली त्याच्याकडून, वसूल झाला पाहिजे. मी दोन पानी टिपण केलं : जमिनीचा विभाग (झोन) बदलण्याआधी मालकाच्या खर्चाने मातीची विषतपासणी, ७,८०० चौरस मीटर प्रकल्पातून वगळून पोंय पूर्ववत उकरून देणं, आवाराचं पावसाचं पाणी नदीकडे वळवून त्याला स्वतःची झडप, आणि मानशीच्या दुरुस्तीसाठी कूळ संघाच्या नावे ठेव. फ्लॅटांची संख्या मी लिहिलीच नाही.

बिल्डरचा इंजिनीयर भेटायला आला. तिशीतला, माझ्या एका विद्यार्थ्याचा विद्यार्थी निघाला. टिपण शांतपणे वाचून म्हणाला, "सर, पाण्याचं पटतं. झडप करून देऊ. पण पोंय उकरायची म्हणजे आतला माल वर काढायचा. आज तो निदान झाकलेला आहे. काढून ठेवू कुठे?" प्रश्न रास्त होता. धोकादायक कचऱ्यासाठी पिसुर्ले इथे प्रकल्प आहे, फार लांब नाही. पण चार मीटर खोल भराव तिथे टनावारी पैसे भरून न्यायचा म्हणजे क्लबहाऊस विसरायचं. तो गेला तेव्हा टिपण बरोबर घेऊन गेला, एवढं खरं.

फाईलचा प्रवास

विभाग बदलण्याचा अर्ज नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली होता. २०२३ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम. आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या' चुका सुधारण्यासाठी. म्हणजे बिल्डरचं म्हणणं, भातशेत हे भातशेत दाखवलं ही चूक होती. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ आकुंचित केला. फाईल जागच्या जागी बसली. गावात फटाके फुटले. मी घरातून बाहेर आलो नाही, कारण कायद्यात २०२४ पासून ३९ए हे दुसरं कलम बसलेलं आहे आणि विभाग त्याखालीही बदलता येतो. त्यात जाहीर सूचना निघते आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. १७(२) मध्ये तेवढंही नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम आले. संशयित जागा कळवायची, तपासायची, दूषित ठरली तर जबाबदार कोण ते शोधून साफसफाईचा खर्च त्याच्यावर टाकायचा, अशी पहिल्यांदाच लेखी वाट झाली. यात एक मेख आहे. खाणकामातून झालेलं प्रदूषण साधारणपणे या नियमांच्या बाहेर ठेवलेलं आहे. म्हणून अर्ज लिहिताना आम्ही धक्क्यावरच्या लाल मातीबद्दल अवाक्षर काढलं नाही; फक्त बार्ज दुरुस्ती, काळी वाळू, रंग, तेल आणि पाचवा बोअर. वेल्डरने सही दिली. मुंडकार असून सही देतो म्हणजे नव्या मालकाचं तोंड कडू करतो, हे त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोने आठवडाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं.

अर्ज दाखल आहे. ३९ए खालची नवी सूचना निघेल असं ऐकतो, आणि भाऊ दर गुरुवारी राजपत्र चाळतो. फ्लॅट किती ते आता विचारत नाही, लेव्हल विचारतो.

पावसाळ्यात मानशीजवळ बांधाला भगदाड पडलं. दोन भरत्यांच्या मधे बुजवायचं तर चिरे हवेत, आणि चिरे मिळेनात. कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण दुपारी बिल्डरच्या त्या इंजिनीयरकडून एक टिपर चिरे आले. घ्यावेत की परत पाठवावेत यावर बांधावरच, पावसात, अर्धा तास वाद. भरती चढायला लागली तसा वाद आपोआप संपला. चिरे बसले. संध्याकाळी अध्यक्षांनी कूळ संघाची वही काढली आणि जमेच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं : चिरे, टिपर १, कुंपणापलीकडून.